थेट तिकीट

१९०८ साली जालंधरजवळच्या एखाद्या खेड्यातून कॅनडाला जायचं, तर माणूस कसा जायचा? आधी जमिनीचा तुकडा गहाण टाकून भाड्याचे पैसे उभे करायचे. मग रेल्वेने कलकत्ता गाठायचं. कलकत्त्याहून आगबोटीने पिनांग, सिंगापूर करत हाँगकाँग. हाँगकाँगमध्ये शिखांचा गुरुद्वारा होता. तिथे लंगरात जेवायचं, पथारी टाकायची आणि पुढच्या जहाजाची वाट बघायची. पॅसिफिक ओलांडणाऱ्या मोठ्या आगबोटी तिथून सुटत. त्यांतल्या एकीवर जागा मिळाली की शांघाय, जपान आणि शेवटी व्हँकुव्हर. वाटेत निदान एकदा जहाज बदलावं लागेच, आणि बहुतेकांना तिकीटही दुसऱ्यांदा काढावं लागे.

त्याच वर्षी ८ जानेवारीला कॅनडा सरकारने एक आदेश काढला. जो माणूस आपल्या जन्मदेशातून किंवा नागरिकत्वाच्या देशातून अखंड प्रवास करून आलेला नाही, किंवा ज्याने संपूर्ण प्रवासाचं थेट तिकीट निघण्यापूर्वीच मायदेशात काढलेलं नाही, त्याला कॅनडात उतरायला मनाई करता येईल, असा त्याचा आशय होता.

या आदेशात भारताचं नाव नव्हतं. शीख, पंजाबी, आशियाई असा एकही शब्द नव्हता. वाचणाऱ्याला वाटावं, बंदरावरची शिस्त राखण्यासाठी केलेली ही साधी तरतूद आहे. पण आपल्या त्या शेतकऱ्याच्या वाटेवर हा आदेश ठेवून पाहिला की सगळा उलगडा होतो. हाँगकाँगला जहाज बदललं की प्रवास तुटला. तिथे तिकीट काढलं की ते मायदेशातलं राहिलं नाही. भारतातून व्हँकुव्हरपर्यंतचं एकच तिकीट देऊ शकेल अशी एक कंपनी होती, कॅनेडियन पॅसिफिक. सरकारने तिला सांगून भारतातल्या बंदरांवरची तशी तिकीटविक्री बंद करवली. म्हणजे अट घालायची आणि ती पाळण्याची एकुलती एक वाटही आपणच बुजवायची.

परिणाम लगेच दिसला. १९०७-०८ या वर्षात कॅनडात २,६२३ भारतीय उतरले होते. पुढच्या वर्षी उतरले ६.

आडवळणाचं कारण

एवढ्या आडवळणाने जायची गरज का पडली? चिनी लोकांच्या बाबतीत कॅनडाने आडपडदा ठेवलाच नव्हता. चीनमधून येणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडून डोईपट्टी घेतली जाई. १८८५ साली ती ५० डॉलर होती, १९०० साली १०० झाली आणि १९०३ साली ५००. जपानशी ब्रिटनचा तह होता. त्यामुळे जपान सरकारशी बोलणी करून, दर वर्षी किती मजूर पाठवायचे हे आपसात ठरवून घेतलं गेलं. भारतीयांचं प्रकरण मात्र वेगळं होतं. ते ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन होते आणि कॅनडाही त्याच साम्राज्याचा भाग होता. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात वंशावरून भेद न करण्याचं आश्वासन दिलेलं होतं. पंजाबातल्या खेड्याखेड्यांत पेन्शनीत निघालेले शिपाई होते. साम्राज्यासाठी चीनपर्यंत जाऊन लढलेली ही माणसं. 'तुम्ही भारतीय आहात म्हणून येऊ नका' असं त्यांना तोंडावर सांगणं लंडनला परवडणारं नव्हतं. १९०७ साली पंजाबात शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन पेटलं होतं आणि लाला लजपतराय यांना मंडालेला धाडलं गेलं होतं. अशा वेळी आणखी एक ठिणगी नको होती.

दुसरीकडे ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं वातावरण तापलेलं होतं. १९०४ पासून पंजाबी माणसं लाकूडकटाईच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर, शेतांवर दिसू लागली होती. गोऱ्या कामगारांपेक्षा कमी मजुरीवर ती राबत. ७ सप्टेंबर १९०७ रोजी व्हँकुव्हरमध्ये आशियाई लोकांविरुद्ध मोठा मोर्चा निघाला आणि जमावाने चिनी व जपानी वस्त्यांवर हल्ला करून दुकानं फोडली. त्या दंगलीनंतर मजूर खात्याचे प्रमुख सनदी अधिकारी विल्यम लायन मॅकेन्झी किंग यांना लंडनला पाठवण्यात आलं. भारतीयांना इथली थंडी मानवणार नाही, असा मुद्दा त्यांच्या अहवालात होता. ज्यांनी तिबेटचं पठार पाहिलं होतं, अशा पलटणींतल्या माणसांबद्दल हे लिहिलं जात होतं. या तरुण अधिकाऱ्याचं नाव वाचकांनी लक्षात ठेवावं. ते पुन्हा येणार आहे.

वंशाचं नाव न घेता एखाद्या वंशाला वगळण्याची ही युक्ती साम्राज्यात नवी नव्हती. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीने १८९७ सालीच वाट दाखवली होती. तिथे येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, अशी अट घातली गेली. कागदावर ती सर्वांना सारखी होती. आपल्याकडे गोपाळ कृष्ण गोखले या सगळ्याकडे बारीक लक्ष ठेवून होते. १९१० साली नाताळला गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजूर पाठवणं बंद करण्याचा ठराव त्यांनी कायदेमंडळात मांडला आणि १९१२ साली ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले. साम्राज्याचे प्रजाजन म्हणून हिंदी माणसाला वसाहतींत किंमत आहे की नाही, हा त्या काळच्या सुशिक्षित महाराष्ट्रापुढचाही जळता प्रश्न होता.

दोनशे डॉलर आणि घरची माणसं

थेट प्रवासाच्या अटीला लगोलग दुसरी जोड मिळाली. आशियातून येणाऱ्या माणसाने उतरताना खिशात २०० डॉलर दाखवले पाहिजेत. त्याआधी ही रक्कम २५ डॉलर होती. गिरणीत लाकडाचे ओंडके वाहून दिवसाला डॉलर-दीड डॉलर मिळण्याच्या त्या काळात २०० डॉलर म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई. जी कमाई करायला माणूस निघाला, ती कमाई आधीच हातात असावी, असा हा नियम.

आत असलेल्यांची गत आणखी अवघड झाली. सुमारे पाच हजार भारतीय कॅनडात होते आणि जवळपास सगळे पुरुष. घरी आई-वडील, बायको, मुलं. गावी जाऊन यायचं तर परत आत शिरता येईल याची खात्री नाही, आणि बायकोमुलांना बोलवायचं तर त्यांनाही थेट प्रवासाची अट आडवी. व्हँकुव्हरच्या गुरुद्वाऱ्यातले दोन प्रमुख, भाई भाग सिंग आणि ग्रंथी बलवंत सिंग, यांनी आपल्या कुटुंबांना आणायचं ठरवलं. १९१२ च्या सुरुवातीला ते बायकामुलांसह बंदराला लागले. पुरुष जुने रहिवासी म्हणून त्यांना उतरू दिलं. बायका आणि मुलांना मात्र परत पाठवण्याचा हुकूम झाला. महिनोन् महिने अर्ज, जामीन आणि कोर्ट चाललं. शेवटी सरकारने त्यांना राहू दिलं, पण निव्वळ दया म्हणून. हक्क म्हणून दिलं असतं तर दुसऱ्याला तोच हक्क मागता आला असता.

मला हा तपशील सगळ्यात बोचतो. नवऱ्याबरोबर राहण्यासाठी बाईला सरकारची मेहेरबानी लागावी आणि ती मेहेरबानी पुढच्या बाईला उपयोगी पडू नये याची तजवीज त्याच कागदात केलेली असावी. कायद्याचा दुष्टपणा नेहमी लाठीच्या रूपात येत नाही. कित्येकदा तो अशा एखाद्या शब्दात दडलेला असतो.

एका शब्दाने उघडलेलं दार

शब्दानेच एकदा दारही उघडलं. ऑक्टोबर १९१३ मध्ये 'पनामा मारू' नावाचं जपानी जहाज ५६ भारतीयांना घेऊन आलं. जुन्या रहिवाशांना सोडून बाकीच्या ३९ जणांना परत पाठवण्याचा आदेश निघाला. त्यांच्या बाजूने एडवर्ड बर्ड नावाचे वकील उभे राहिले. बर्ड यांनी मूळ कायदा आणि त्याखाली काढलेले आदेश शेजारी शेजारी ठेवले आणि शब्दन् शब्द ताडून पाहिला. कायद्यात 'वंश' असा शब्द होता, आदेशात आशियाई 'मूळ' असा. थेट प्रवासाच्या आदेशाची भाषाही कायद्याशी तंतोतंत जुळत नव्हती. मुख्य न्यायमूर्ती गॉर्डन हंटर यांनी नोव्हेंबरमध्ये हे आदेश कायद्याबाहेरचे ठरवले आणि माणसं सुटली.

ही बातमी पॅसिफिकच्या पलीकडे पोचायला वेळ लागला नाही. हाँगकाँग, शांघाय, मनिला इथे पहारेकरी, चौकीदार, पोलीस म्हणून काम करणारे शेकडो पंजाबी कॅनडाला जायच्या आशेवर अडकून पडले होते. पण ओटावातलं सरकारही स्वस्थ बसलं नव्हतं. जानेवारी १९१४ पर्यंत दोन्ही आदेश कायद्याच्या भाषेशी जुळवून नव्याने काढले गेले. शिवाय ब्रिटिश कोलंबियाच्या बंदरांतून मजूर आणि कारागीर यांना उतरायला तात्पुरती बंदी घातली गेली आणि तिची मुदत वाढवत नेली गेली. आशा जिथे पोचली, तिथे हा नवा कागद पोचलाच नाही.

गुरू नानक जहाज

गुरदित सिंग हे तेव्हाच्या अमृतसर जिल्ह्यातल्या सरहालीचे. मलाया आणि सिंगापूरकडे कंत्राटं घेऊन त्यांनी चांगला जम बसवला होता. १९१४ च्या सुरुवातीला ते हाँगकाँगला आले, तेव्हा गुरुद्वाऱ्यात ताटकळलेली माणसं त्यांना भेटली. जहाज बदलायला लागतं म्हणून अडवतात ना, मग आपलंच जहाज नेऊ, असा त्यांनी विचार केला. 'कोमागाता मारू' हे जपानी मालकीचं, कोळसा वाहणारं जुनं जहाज त्यांनी सहा महिन्यांसाठी भाड्याने घेतलं. खालच्या मजल्यावर प्रवाशांसाठी लाकडी बाकं बसवली, गुरू ग्रंथ साहिबाची स्थापना केली आणि प्रवासी त्याला गुरू नानक जहाज म्हणू लागले.

जहाज निघण्याआधी हाँगकाँग पोलिसांनी गुरदित सिंगांना अटक केली आणि सोडून दिलं, कारण त्यांना थांबवता येईल असा कायदाच तिथे नव्हता. वसाहतीच्या सरकारने ओटावाला तार करून विचारलं. वेळेत उत्तर आलं नाही. ४ एप्रिलला १६५ प्रवासी घेऊन जहाज सुटलं. शांघाय, मोजी, योकोहामा इथे आणखी माणसं चढली. ३ मे रोजी योकोहामा सोडताना जहाजावर ३७६ प्रवासी होते. ३४० शीख, २४ मुसलमान आणि १२ हिंदू.

इथे खरं काय ते सांगायलाच हवं. हे जहाज भारतातून निघालेलं नव्हतं, त्यामुळे थेट प्रवासाची अट काटेकोर अर्थाने पूर्ण होतच नव्हती. गुरदित सिंगांचा भरवसा दोन गोष्टींवर होता. एक, हंटर यांच्या निकालावर. दोन, ब्रिटिश प्रजाजनाला ब्रिटिश साम्राज्यात कुठेही जाण्याचा हक्क आहे, या दिलेल्या शब्दावर. पहिली गोष्ट जहाज निघण्यापूर्वीच बदलली होती. दुसरी खरी आहे की नाही, हेच त्यांना साऱ्या जगासमोर तपासून पाहायचं होतं.

किनाऱ्यापासून अर्धा मैल

२३ मे १९१४ रोजी जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात पोचलं. इमिग्रेशन खात्याचे तिथले प्रमुख माल्कम रीड यांनी ते धक्क्याला लागूच दिलं नाही. किनाऱ्यापासून सुमारे अर्ध्या मैलावर नांगर टाकायला लावून भोवती पहाऱ्याच्या लाँच फिरत्या ठेवल्या. गाव समोर दिसत होतं. इमारती, डोंगर, धक्क्यावर जमलेले फेटेवाले आपले लोक. पण मधलं पाणी ओलांडता येत नव्हतं.

प्रत्येक प्रवाशाची रीतसर चौकशी करून निकाल दिला असता, तर निकालावर कोर्टात जाता आलं असतं. म्हणून चौकशीच लांबवली गेली. वैद्यकीय तपासणीला दिवसचे दिवस लावले. वकील म्हणून पुन्हा बर्डच होते, पण त्यांना अशिलांशी मोकळेपणाने बोलू दिलं जात नव्हतं. दरम्यान जहाजावरचं धान्य आणि गोडं पाणी संपत आलं. पाणी कुणी द्यायचं? खातं म्हणे, ज्याने जहाज भाड्याने घेतलं त्याने. त्याला तर किनाऱ्यावर पाऊल ठेवायची बंदी. ना आत घेतलेली, ना परत गेलेली अशी साडेतीनशे माणसं, लेकराबाळांसह, पाण्याच्या पिंपासाठी अर्ज करत होती.

किनाऱ्यावर मात्र कामं झपाट्याने चालली होती. भाग सिंग, बलवंत सिंग आणि हुसेन रहीम यांच्या पुढाकाराने किनारा समिती उभी राहिली. हुसेन रहीम हे पोरबंदरकडचे गुजराती. गिरण्यांत आणि शेतांवर राबणाऱ्या लोकांनी गुरुद्वाऱ्यातल्या सभेत नोटा आणि नाणी टाकली. सुमारे २२ हजार डॉलर जमले. भाड्याचा हप्ता चुकला असता तर जहाजमालकाला ते परत नेता आलं असतं. तो हप्ता या पैशांतून भरला गेला. महिन्याला तीस-चाळीस डॉलर मिळवणाऱ्यांची ही वर्गणी होती.

शेवटी एकाच प्रवाशाचं प्रकरण कसोटी म्हणून कोर्टात न्यायचं आणि तो निकाल सर्वांना लागू धरायचा, असं ठरलं. तो प्रवासी म्हणजे मुन्शी सिंग, एक तरुण शेतकरी. चौकशी मंडळाने त्याला तीन कारणांनी नाकारलं. तो थेट आला नाही, त्याच्याकडे २०० डॉलर नाहीत आणि तो शेतकरी म्हणत असला तरी मजूरच आहे. ६ जुलै रोजी प्रांताच्या अपील कोर्टाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने सरकारच्या बाजूने कौल दिला. कॅनडाच्या संसदेला कुणालाही, ब्रिटिश प्रजाजनालाही, अडवण्याचा अधिकार आहे, आणि मंडळाच्या निर्णयात कोर्टाने हात घालायचा नाही. या खेपेला आदेशाची भाषा कायद्याशी नीट जुळत होती.

ज्या हक्काची कसोटी घ्यायला हे जहाज आलं होतं, तिचा निकाल लागला होता. साम्राज्य एक होतं, पण त्यातल्या माणसांचे हक्क एक नव्हते. जुने रहिवासी आणि काही मोजके धरून २४ जणांना उतरू दिलं गेलं. उरले ३५२.

धूर, कोळसा आणि एक युद्धनौका

परत जायला प्रवाशांची हरकत नव्हती. त्यांची मागणी एवढीच होती की पॅसिफिक ओलांडायला पुरेल एवढं धान्य आणि पाणी आधी द्या. ते न देता जहाज हाकलायचं ठरलं. १९ जुलैच्या मध्यरात्रीनंतर 'सी लायन' नावाची ओढबोट शंभराहून जास्त पोलीस आणि इमिग्रेशनने नेमलेले बंदूकधारी घेऊन जहाजाला भिडली. जहाजाचा कठडा तिच्यापेक्षा बराच उंच होता. वरून कोळशाच्या ढेकळांचा आणि विटांचा वर्षाव झाला. हल्लेखोरांची डोकी फुटली आणि ओढबोट मागे फिरली.

मग कॅनडाने आपलं आरमार आणलं. त्या वेळी देशाच्या आरमारात दोनच क्रूझर होत्या. त्यांतली 'रेनबो' २१ जुलैला बंदरात येऊन उभी राहिली आणि तिच्या तोफा भुकेल्या प्रवाशांनी भरलेल्या कोळशाच्या जहाजाकडे वळल्या. धक्क्यावर, छपरांवर हजारो लोक तमाशा बघायला जमले. अखेरीस ओटावा सरकारच्या एका मंत्र्याने मध्यस्थी केली, शिधा भरून द्यायचं मान्य झालं आणि २३ जुलैच्या पहाटे 'कोमागाता मारू'ने नांगर उचलला. बरोबर दोन महिने ती माणसं कॅनडाच्या पाण्यात राहिली आणि कॅनडाच्या मातीला त्यांचे पाय लागले नाहीत. आदल्या वर्षी, १९१३ मध्ये, त्याच देशाने चार लाखांहून अधिक परदेशी माणसांचं स्वागत केलं होतं.

जहाज समुद्रात असतानाच युरोपात महायुद्ध पेटलं. ज्यांना साम्राज्याच्या एका बंदरात उतरू दिलं नव्हतं, त्यांना परतीच्या वाटेवर हाँगकाँग आणि सिंगापूरलाही उतरता येईना. कित्येकांची नोकरी, बिऱ्हाड, सामानसुमान तिथेच होतं. ५ सप्टेंबरला भारत सरकारने खास वटहुकूम काढला. बाहेरून येणाऱ्या कुणालाही, संशय आला तर, बंदरातच रोखून त्याच्या हिंडण्याफिरण्यावर बंधन घालता येईल. जाताना परक्या देशाचा कायदा आडवा आला होता. येताना स्वतःच्या देशाचा आला.

२९ सप्टेंबरला जहाज कलकत्त्याच्या अलीकडे हुगळी नदीवर बजबजला थांबवलं. प्रवाशांना थेट पंजाबात नेण्यासाठी खास आगगाडी तयार उभी होती. काही जण गाडीत बसले. बहुतेकांनी नकार दिला. गुरू ग्रंथ साहिब खांद्यावर घेऊन, शबद म्हणत ते पायी कलकत्त्याकडे निघाले. ग्रंथसाहिब तिथल्या गुरुद्वाऱ्यात ठेवायचा आणि गव्हर्नरला भेटून गाऱ्हाणं सांगायचं, एवढाच त्यांचा मनसुबा होता. सैन्याने वाटेत अडवून त्यांना परत बजबजला आणलं. संध्याकाळी स्टेशनाजवळ बाचाबाची झाली आणि गोळीबार सुरू झाला. सुमारे २० प्रवासी मारले गेले. दोनशेच्या आसपास तुरुंगात गेले. गुरदित सिंग निसटले आणि सात वर्षं वेषांतर करून देशभर फिरले. १९२१ साली गांधीजींच्या सल्ल्याने ते नानकाना साहिबला स्वतःहून हजर झाले.

दोन मराठी माणसं

व्हँकुव्हरच्या बंदरातली ही हकिकत पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक हिंदी माणसाने ऐकली. सॅन फ्रान्सिस्कोहून नोव्हेंबर १९१३ पासून हिंदी क्रांतिकारकांच्या गदर पक्षाचं 'गदर' हे पत्र निघत होतं. त्यातल्या लेखांनी जे पटवायला वेळ लागत होता, ते या एका जहाजाने दोन महिन्यांत पटवलं. पुण्याजवळच्या तळेगाव ढमढेरे गावचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत अभियांत्रिकी शिकायला गेले होते. ते गदर पक्षात सामील झाले आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये सैन्यात उठाव घडवण्यासाठी परतले. सप्टेंबरच्या त्याच वटहुकुमाखाली परतणाऱ्या अनेकांना बंदरावरूनच तुरुंगात टाकलं जात होतं. पिंगळे त्यातून सुटले, पण मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बाँबसकट पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तार सिंग सराभा आणि इतर साथीदारांबरोबर ते फासावर गेले.

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हेही गदरच्या पहिल्या फळीतले. लष्करी कामाची आघाडी त्यांच्याकडे होती. इराण, जर्मनी असा प्रवास करत ते अखेरीस मेक्सिकोत पोचले आणि तिथे मक्याचे शास्त्रज्ञ म्हणून नावाजले. ब्रिटिश राज्य असेपर्यंत त्यांना मायदेशाची दारं बंद होती. चार दशकांहून अधिक काळ परदेशात काढल्यावर, स्वातंत्र्यानंतरच त्यांना आपली माती पाहता आली. १९६७ साली नागपुरात त्यांचं निधन झालं.

छोट्या वहीचा जन्म

१८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसून अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेल्या, तेव्हा त्यांच्याकडे कुणी व्हिसा मागितला नाही. तशी पद्धतच नव्हती. भारतातून जाणाऱ्याला पासपोर्ट सक्तीचा करावा, अशी सूचना कॅनडाच्या वादात सुरुवातीलाच पुढे आली होती, पण प्रजेच्या हिंडण्यावर उघड बंधन नको म्हणून भारत सरकारने ती मानली नव्हती. महायुद्धात ते चित्र पालटलं. संरक्षण कायद्याखाली पासपोर्टचे नियम झाले आणि १९२० साली भारतीय पासपोर्ट कायदा आला. ज्याला जाऊ द्यायचं नाही त्याला परक्या बंदरात अडवण्याची गरजच उरली नाही. घरच्या कचेरीतच त्याचा अर्ज नामंजूर करता येऊ लागला. आपण आज अभिमानाने बाळगतो त्या छोट्या वहीचा इतिहास असा आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचं सांगितलं आणि त्याच वर्षी नवा पासपोर्ट कायदा झाला, तेव्हा या वहीचा अर्थ पुन्हा एकदा बदलला.

थेट प्रवासाची अट कॅनडाने १९४७ साली रद्द केली. तेव्हा पंतप्रधान होते मॅकेन्झी किंग. चाळीस वर्षांपूर्वी हिंदी माणसाला थंडी सोसणार नाही असं लिहिणारा तरुण अधिकारी आता म्हातारा झाला होता. त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियातल्या भारतीयांना मतदानाचा हक्क परत मिळाला. १८ मे २०१६ रोजी कॅनडाच्या संसदेत पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी 'कोमागाता मारू'च्या प्रकरणाबद्दल माफी मागितली.

प्रत्येक देशाला आपल्या सीमेवर नियम असावेत, यात वाद नाही. पण नियम कुणाच्या नावाने लिहिला आहे एवढंच वाचून भागत नाही. तो कुणाच्या वाटेवर नेऊन ठेवला आहे, हे पाहावं लागतं. बँकेचा दाखला, आमंत्रणपत्र, मुलाखतीची तारीख यांची फाइल छातीशी धरून पहाटे रांगेत उभं राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना ही गोष्ट माहीत असावी, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या आधी त्याच रांगेत उभं राहिलेल्यांनी पदरचे पैसे घालून, कोर्टाची पायरी चढून, आणि काहींनी जीव देऊन, ती रांग पुढे सरकवली आहे.

२०१६ साली दिल्ली ते व्हँकुव्हर थेट विमान सुरू झालं. मायदेशात काढलेलं एकच तिकीट, वाटेत कुठे उतरायचं नाही, पंधरा-सोळा तासांत माणूस पॅसिफिकच्या किनाऱ्यावर. १९०८ च्या आदेशात जे मागितलं होतं, ते सगळं त्या तिकिटात आहे. जालंधरकडचे कितीतरी लोक त्या विमानाने आपल्या मुलाबाळांना भेटायला जातात. विमान उतरताना उजाडलेलं असेल तर खाली ते बंदर दिसतं. तिथे, किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावर, एक जहाज दोन महिने उभं होतं.